नडगीचे हाड आणि शासनाची यादी

लेकराचा पाय जन्मतः वाकडा निघाला की दोष आईच्या माथी मारायचा, ही या देशाची जुनी रीत. ग्रहणात विळी धरली असेल, मागच्या जन्मीचे पाप असेल! कर्मविपाकाचे हे जोखड बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात फेकून दिले. तरी तिथून एसटीने गाठता येणाऱ्या खाप्यापर्यंत, आपल्याच वस्त्यांत ही कुजबुज अजून ऐकू येते.

विज्ञान काय सांगते? नडगीच्या हाडाचा एक जन्मजात विकार आहे. सुमारे दीड लाख जन्मांमागे एखाद्या बाळाला तो होतो. एकाच पायाची नडगी पुढे आणि बाहेर वाकते, पुढे कधीतरी मोडते आणि मोडलेले हाड जुळतच नाही. तिथे खोटा सांधा तयार होतो. यातल्या जवळपास निम्म्या मुलांच्या अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असतात. तो जनुकातला दोष. पुष्कळदा तो आईबापांकडून आलेलाही नसतो, नव्यानेच उद्भवतो. मग आईचा गुन्हा कोणता?

मुडदूस समजून कॅल्शियम पाजत बसण्यात वर्षे जातात. मुडदुसात बहुधा दोन्ही पाय वाकतात, हे लक्षात ठेवावे. त्याहून वाईट म्हणजे, वाकलेले हाड घाईने कापून सरळ केले तर तेही जुळेनासे होऊ शकते. म्हणून मोडण्याआधी पायाला आधाराचा पट्टा, आणि शस्त्रक्रिया जाणत्या हातानेच. रोगट हाड व त्याभोवतीचे जाड आवरण काढतात, कमरेचे हाड भरतात, आत सळई घालतात. बाहेरून इलिझारोव्हच्या कड्या लावतात. गरीब घरातून आलेल्या या डॉक्टरने १९५०च्या दशकात सायबेरियात ही पद्धत उभी केली. जुळलेले हाड पुन्हा मोडू शकते. वाढ संपेपर्यंत पट्टा व तपासणी सुटत नाही. म्हणजे एक ऑपरेशन नव्हे, दहा-पंधरा वर्षांच्या खेपा.

त्या खेपांत बुडणाऱ्या मजुरीचे काय? शासनाने योजनेला महात्मा फुल्यांचे नाव दिले, चांगले केले. पण ती दवाखान्याचा खर्च पाहते, बुडालेला रोज नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत वाकडे पाऊल आहे, निखळलेला खुबा आहे. हा विकार नावाने नाही. रुग्ण थोडे, म्हणजे मतेही थोडी! १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामकरी स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे बजावले होते. तोच न्याय इथे लावा. यादीत नाव घाला, आईबापाला मजुरीची भरपाई द्या.

खाप्याच्या कार्यकर्त्यांनी तोवर थांबू नये. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरोग्य पथक यायचे असते. पुढच्या खेपेला प्रत्येक बाळाच्या दोन्ही नडग्या पाहायला लावा. एकीला बाक दिसला, अंगावर डाग दिसले, तर मालीशवाल्याकडे नव्हे, थेट नागपूरच्या मेडिकलला हाडांच्या विभागात न्या.