दुरुस्ती गीझरची की न्हाणीघराची?

थंडीची चाहूल लागली की मध्यमवर्गीय घरांत एक जुना वाद नव्याने सुरू होतो. भिंतीवरचा गॅसचा गीझर मध्येच विझतो, ठिणगी पडते पण ज्योत धरत नाही. तो दुरुस्त करावा की मोडीत काढावा? भिवंडीला खेटून असलेल्या, गोदामांच्या शेजारीच निवासी इमारती उभ्या राहिलेल्या राहनाळमध्येही हा वाद इतर कोणत्याही उपनगराइतकाच घरगुती आहे. प्रश्न केवळ खर्चाचा असता, तर अग्रलेखाची जागा आम्ही त्यासाठी दिली नसती.

खर्चाचे उत्तर सोपे आहे. सेल उतरले असतील, पाण्याच्या तोंडाशी असलेल्या जाळीत गाळ अडकला असेल, किंवा पाण्याच्या दाबाने गॅसची झडप उघडणारा रबरी पडदा ताठरला असेल, तर दुरुस्ती थोडक्यात भागते आणि ती अवश्य करावी. परंतु तांब्याची नळी क्षाराने भरली असेल, पात्यांत काजळी साचून निळी ज्योत पिवळी पडली असेल, तर गोष्ट गंभीर आहे. पिवळी ज्योत म्हणजे अपुरे ज्वलन, आणि अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो.

सिलिंडरमधील गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, चक्कर येते, आणि कडी काढण्याचे भान येण्यापूर्वीच माणूस कोसळतो. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत बोरिवलीला एका शाळकरी मुलीचा असाच अंत झाला.

आजोबांच्या पिढीचा तांब्याचा बंब काही निर्दोष नव्हता. हाच वायू तोही ओकत असे. पण त्याचा धूर डोळ्यांना झोंबे, म्हणून वडीलधारी माणसे तो परसात किंवा पडवीत पेटवीत. आपण धूर तेवढा नाहीसा केला आणि विस्तव मात्र आतून कडी लावलेल्या चार फुटी खोलीत नेऊन टांगला!

अशा स्थितीत जुना गीझर काढून त्याच खुंटीवर नवा लटकावला, तर काय साधले? नवा गीझरही बंद खोलीतील प्राणवायूच खातो, आणि तो कमी पडला की त्याचीही ज्योत बिघडते. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या गॅलरीत बसवावा व गरम पाण्याची नळी तेवढी आत न्यावी. जेथे हे शक्य नाही, तेथे गॅसचा हट्ट सोडून विजेचा गीझर घ्यावा. विजेचे बिल वाढेल, ही तक्रार आम्हांस ठाऊक आहे. ते वाढू द्यावे.

दुरुस्तीस आलेला कारागीर पडदा बदलतो, ज्योत पेटवून दाखवतो आणि पैसे घेऊन निघून जातो. झरोका कोठे आहे, हे ना तो विचारतो, ना आपण त्याला सांगतो. उलट गारठा लागतो म्हणून असलेल्या झरोक्यालाही आपणच पुठ्ठा लावतो. भाड्याच्या घरांत तर अडचण दुहेरी आहे. गीझर हलवण्याचा अधिकार भाडेकरूस नाही, आणि त्या न्हाणीघरात स्नान करण्याचा प्रसंग मालकावर येत नाही. करारनाम्यात पंखे आणि नळ मोजून लिहिणाऱ्या मालकाने गीझर कोठे टांगला आहे हेही लिहावे, आणि तो न्हाणीघरात असेल तर पुढचे भाडे घेण्यापूर्वी स्वखर्चाने बाहेर काढून द्यावा.