कुलूप पाड्यावर, घरधनी बारडोलीत

दिवाळीची सुट्टी संपत आली की वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक ठरलेली बातमी येते. कुटुंब बाहेरगावी गेले होते, अज्ञात चोरट्यांनी बंद घराचा कडीकोयंडा तोडला, कपाटातले दागिने आणि रोकड लंपास केली, श्वानपथक चौकापर्यंत जाऊन घुटमळले. नंदुरबार असो की शहादा, मजकूर तोच; कॉलनीचे नाव तेवढे बदलते. पाठोपाठ पोलिसांचे आवाहनही छापून येते. गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगा, दागिने लॉकरमध्ये ठेवा, प्रवासाचे फोटो स्टेटसला टाकू नका.

आवाहन रास्तच आहे. पण नंदुरबार जिल्ह्यात सगळ्यांत जास्त दिवस बंद राहणारी घरे कॉलनीत नाहीत. ती अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या तालुक्यांच्या पाड्यांवर आहेत. दिवाळीच्या आसपास मुकादमाचा ट्रक येतो, उचल घेतलेली कुटुंबे भांडीकुंडी आणि लेकरे घेऊन त्यात चढतात आणि दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्यात उतरतात. कोणी सौराष्ट्रात कापूस वेचायला जाते, कोणी सुरतेला बांधकामावर. घराला कुलूप लागते ते थेट होळीपर्यंत. ऊस उभा असेल तर होळीला तोंड दाखवून पुन्हा परत, मग पावसाच्या तोंडापर्यंत.

हे आजचे नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडणाऱ्या मजुरांवरचा आपला अभ्यास 1978 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हाही खानदेशातून आलेले ‘कोयते’ त्यात होते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजूर मोजायचे माप ते हेच. त्या वेळी नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होता. 1 जुलै 1998 ला जिल्हा वेगळा झाला, नवे जिल्हाधिकारी कार्यालय उभे राहिले, पण ट्रकची दिशा बदलली नाही.

परमुलूख तरी किती लांब? नवापूरच्या रेल्वे स्थानकावर निम्मा फलाट महाराष्ट्रात आणि निम्मा गुजरातेत आहे. हद्दीवरच्या बाकड्यावर बसून प्रवासी हौसेने फोटो काढतात. त्याच सुरत-भुसावळ मार्गाने पुढे गेले की बारडोली येते. अंतर काही तासांचे आहे, पण मजुरी बुडवून, भाडे खर्चून ‘घर नीट आहे ना’ एवढे पाहायला कोणी परत येत नाही. मुकादम सोडतही नाही.

परदेशात सुट्टीसाठी दुसरे घर घेऊन ठेवणाऱ्यांचे याबाबतीत बरे असते. स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर वर्षातले आठ-दहा महिने रिकाम्या राहणाऱ्या बंगल्यांच्या जोरावर एक अख्खा धंदा चालतो. किल्ली सांभाळणारी माणसे असतात, ठरलेल्या वेळी दिवे लावणारी यंत्रे असतात, दार हलले की लंडनमध्ये फोन वाजतो. विमा कंपन्याही सावध असतात. घर सलग 30 किंवा 60 दिवस रिकामे राहणार असेल तर आधी कळवा, नाहीतर भरपाईचे विसरा, अशा अटी तिकडच्या पॉलिसींत सर्रास आढळतात. आपल्याकडेही घरविम्याचे कागद नीट वाचले तर अनेकदा 30 दिवसांची अशी अट सापडते. दिवाळीला अमेरिकेतल्या मुलाकडे जाऊन उन्हाळ्यात परतणाऱ्या शहाद्याच्या आजी-आजोबांनी ती एकदा वाचलेली बरी. केरळ पोलिसांच्या ॲपवर घर बंद असल्याची नोंद केली की गस्तीवाले तिकडे लक्ष ठेवतात. आंध्र प्रदेश पोलिसांनी तर बंद घरात तात्पुरता कॅमेरा बसवून देण्याची सोय केली.

या सगळ्या सोयींना एक गोष्ट गृहीत धरावी लागते: घराला पत्ता आहे, वीज आहे, मोबाइलला रेंज आहे आणि मालकाचा शब्द ऐकून घेणारे कोणीतरी आहे. सातपुड्याच्या पाड्यावर यातले काय काय आहे ते ज्याने त्याने पाहावे.

तिथले घर नजरेसमोर आणले तर अडचण लगेच लक्षात येते. भिंती म्हणजे बांबूच्या चिपांचे कूड, त्यावर शेणमातीचा लेप. वर कौले. दार फळ्यांचे, त्याला बाजारातून आणलेले साधे कुलूप. पण कूड विळ्याने कापता येत असताना कुलपाचा उपयोग काय? ते लावायचे ते घर मोडीत काढलेले नाही, माणसे परत येणार आहेत, एवढे सांगायला. आत कणगी असते. पावसाळ्यातली ज्वारी, मका, थोडी डाळ तिच्यात भरून तोंड शेणमातीने लिंपून टाकतात. परतल्यावर पहिल्या पावसापर्यंत पोट भरायचे ते यावरच. कोंबड्या-बकऱ्या भावकीत सोपवलेल्या असतात. पत्र्याच्या पेटीत रेशनकार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक आणि वनहक्काचा कागद. सोने-नाणे म्हणावे तर चांदीचे दोन दागिने, तेही बहुधा उचल पुरली नाही म्हणून आधीच गहाण पडलेले.

चोराला यात फारसे काही मिळत नाही, हे खरे. तरी पत्रे जातात, पाण्याची मोटर जाते, सौर दिव्याची बॅटरी जाते. पण बंद घराला चोरापेक्षा आगीचे भय मोठे. मार्च-एप्रिलमध्ये रान वाळलेले असते, एक ठिणगी पुरते, आणि बांबूचे घर पेटायला वेळ लागत नाही. मग वाळवी, उंदीर. अवकाळी पावसात एक कौल सरकले आणि ते सारखे करायला माणूस नसले, तर कणगीतले धान्य बुरसते आणि पेटीतल्या वनपट्ट्याचा लगदा होतो. हजार रुपयांचे भांडे गेले तर पुढच्या हंगामात भरून काढता येते. वनहक्काचा कागद गेला तर वर्ष-दोन वर्षे तहसील आणि प्रांत कार्यालयाच्या फेऱ्या ठरलेल्या.

असे असूनही ही घरे पिढ्यान् पिढ्या टिकली, कारण पाड्यात राखण करणारी माणसे मागे राहत होती. म्हातारी आई, अधू भाऊ, बाळंतीण सून. सातपुड्यात एकमेकांच्या कामाला धावून जाण्याची लाहा नावाची रीत आहे. घर शाकारायचे असो की शेत निंदायचे, सगळे जमतात, मालक जेवण देतो. घराची राखण याच नात्यावर चालत आली आहे. कुठल्याही ॲपपेक्षा ही व्यवस्था जुनी आणि भरवशाची. पण पाड्यातली दहापैकी आठ घरे एकाच आठवड्यात बंद झाली तर मागे उरलेल्या दोन म्हाताऱ्यांनी डोंगरउतारावर लांब लांब विखुरलेली घरे कशी राखायची? अक्राणीत तर प्रत्येक घर आपापल्या शेतात. एका दारातून दुसऱ्या दारी हाक पोहोचेलच असे नाही.

कायद्याने मात्र या घराला कमी लेखलेले नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 मध्ये माणसाच्या वस्तीसाठी वापरलेल्या इमारतीबरोबर तंबूही आहे. त्यातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणजे पाड्यावरचे कुडाचे घर आणि बारडोलीच्या पडावावरची प्लास्टिकची झोपडी, दोन्ही कायद्याच्या लेखी घरेच. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. फोनवरून कळवले तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. तेव्हा अक्राणीतल्या घरफोडीची फिर्याद बारडोलीच्या ठाण्यातही घेतली गेली पाहिजे. मराठी-गुजराती दोन्ही मोडकीतोडकी बोलणारा भिल मजूर, फडातली मजुरी टाकून, तिथल्या ठाणे अंमलदाराला हे कलम ऐकवील, अशी कल्पना मात्र संसदेत बसूनच करता येते.

आणि बंद घराचे नुकसान करणारे सगळेच काही रात्री येत नाहीत. काही दिवसाढवळ्या, हातात वही घेऊन येतात. घरकुलाची पाहणी, रेशनची ई-केवायसी, मतदार यादीची पडताळणी, वनदाव्याची स्थळपाहणी, यांतले एखादे तरी काम ऐन हंगामात निघते. कर्मचारी येतो, कुलूप पाहतो, ‘घर बंद’ असा शेरा मारतो आणि पुढे जातो. मतदार यादीच्या भाषेत असे लोक ‘अनुपस्थित, स्थलांतरित, मयत’ या एकाच रांगेत जाऊन बसतात. घरकुलाचा पुढचा हप्ता बांधकामाच्या टप्प्याचा फोटो चढल्याशिवाय सुटत नाही, आणि घरधनी उसाच्या फडात असतो. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे, माणसांची मोजणी फेब्रुवारीत. त्या महिन्यात गाळप ऐन भरात असते. ज्या जिल्ह्यात 2011 मध्ये साडेसोळा लाखांच्या आसपास लोकसंख्या आणि त्यात जवळपास 69 टक्के आदिवासी मोजले गेले, त्या जिल्ह्याने या महिन्याची काळजी आतापासून करायला हवी.

शासनाला कोण कुठे गेले ते कळतच नाही, ही सबब आता चालणार नाही. महिला व बालविकास विभागाकडे स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकीय प्रणाली आहे. अंगणवाडी सेविका कोणते कुटुंब कुठे गेले ते तिच्यात भरते. शाळेकडे हंगामी वसतिगृहाची यादी असते. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा 1979 मध्येच झाला, त्यात मजुरांची नोंद ठेवण्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकली होती; ती कितपत पाळली गेली हे कोणत्याही फडावर जाऊन विचारावे. माहिती तीन-चार ठिकाणी पडून आहे. तिचा घराशी संबंध जोडायचे काम तेवढे कोणी केलेले नाही.

ते काम अवघडही नाही. महाराष्ट्राच्या 2014 च्या पेसा (अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींच्या कायद्याच्या) नियमांनुसार पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा करता येते, आणि पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी मिळतो. ट्रक यायच्या आधी ग्रामसभा भरवावी आणि कोणती घरे किती महिने बंद राहणार, प्रत्येकाची किल्ली कोणाकडे, संपर्काचा फोन कोणाचा, हे लिहून घ्यावे. मागे राहणाऱ्यांपैकी दोघा-तिघांना हंगामापुरते राखणदार नेमावे आणि त्यांना मानधन द्यावे. निधीच्या नियमात ते बसत नसेल तर नियमात एक ओळ वाढवावी. आठवड्यातून एकदा कौले पाहायची, घराभोवतीचे वाळके गवत कापून जाळपट्टा ठेवायचा, काही बिघडले तर पोलीस पाटलाला कळवायचे, एवढेच त्यांचे काम. पोलीस पाटलाचे पद 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याने गावासाठीच निर्माण केले आहे. कागदांच्या छायाप्रती ग्रामपंचायतीत ठेवाव्यात. ज्यांचे डिजिलॉकर होईल त्यांचे शिबिरात करून द्यावे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. बंद घरांची यादी म्हणजे चोराच्या हातात दिलेला नकाशा. म्हणून ती फलकावर लागता कामा नये, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच जाता कामा नये. ग्रामसभेची वही आणि पोलीस पाटील, दोन ठिकाणी एक-एक प्रत. कोणाच्या घरात काय आहे ते लिहायचे नाही. किल्ली कोणाकडे एवढेच. दुसरा आक्षेप स्थलांतर थांबवायला हवे, घरे राखत काय बसायचे, असा असेल. रोजगार हमी योजना सुरू झाल्यापासून हेच बोलले जाते आहे. ते थांबेल तेव्हा थांबेल. तोवर होळीला परतणाऱ्या माणसाला कणगी भरलेली आणि पेटी कोरडी मिळायला हवी.

जिल्हा प्रशासनाने दोन आदेश काढावेत. पहिला, दिवाळीपूर्वीच्या ग्रामसभेत बंद घरांची नोंद सक्तीची. दुसरा, नोव्हेंबर ते मार्च या काळात स्थलांतरित कुटुंबाच्या दारावर ‘घर बंद’ एवढ्याच शेऱ्याने कोणतीही योजना, यादी किंवा दावा निकाली काढू नये. आधी नोंदवहीतल्या फोनवर विचारावे, आणि कुटुंब परतल्यावर पुन्हा पाहणी करावी. दोन्हींना मुंबईची मंजुरी लागत नाही. पुढच्या हंगामाचे ट्रक सुटायच्या आत हे आदेश निघाले पाहिजेत.