मोजताना आपली, स्टेजवर अशुद्ध

शाळेतलं नाटक म्हणजे गॅदरिंग, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. वर्षातली एक संध्याकाळ, भाड्याचे कपडे, चिरकणारा एकच माईक आणि डझनभर डान्सच्या मधे कोंबलेली पंधरा मिनिटांची नाटिका. दुसऱ्या दिवशी मांडववाला बांबू काढून नेतो आणि नाटक पुढच्या वर्षापर्यंत बंद. माझं म्हणणं एवढंच आहे की भाताला हंगाम असतो तसा शाळेच्या नाटकालाही हंगाम हवा. वर्षातून दोन-तीन छोटी नाटकं, मुलांनीच लिहिलेली, मुलांच्याच बोलीत.

सीमाभाग म्हटलं की लोकांना बेळगाव, कारवार, बिदर आठवतं. आमचा दादरा आणि नगर हवेलीचा तुकडा कोणाच्या नकाशात पटकन येत नाही. मी रांध्याची. इथून महाराष्ट्राची हद्द हाकेच्या अंतरावर, हायकोर्टही मुंबईचंच. पण २०११ च्या जनगणनेत प्रदेशाच्या ३,४३,७०९ लोकसंख्येत मराठी मातृभाषा सांगणारे साधारण ७ टक्के. हा आकडा ऐकला की आपली मंडळी लगेच म्हणतात, ‘वारली, कोकणा धरा ना, त्या आपल्याच बोली आहेत!’ जनगणना वारलीला भिली गटात टाकते, ते चूक की बरोबर यावर भाषातज्ज्ञ भांडतील. मला प्रश्न वेगळा पडतो. मोजताना ज्या बोली आपल्याला हव्या असतात, त्या स्टेजवर चढल्या की आपण काय करतो?

मी शाळेत असताना पाहिलेलं सांगते. नाटिकेत वारली बोलणारं पात्र असायचंच. ते कायम गडी असायचं. किंवा दारुडा. त्यानं तोंड उघडलं की हशा. राजा, मास्तर, डॉक्टर मात्र पुण्याच्या मराठीत बोलायचे, आणि ते बोलणारी मुलं घरी वारलीच बोलायची! तालमीत सगळा वेळ जायचा ‘न’ आणि ‘ण’ सुधारण्यात. ज्याची जीभ वळत नसे त्याला झाड करायचे. झाडाला संवाद नसतात. अशी झाडं झालेली कितीतरी मुलं नंतर वर्गातही बोलायची बंद झाली. याचा दोष मी एका शाळेला देत नाही. ही सवय सगळीकडची आहे.

गंमत म्हणजे नाटक आमच्याकडे बाहेरून आणावं लागत नाही. भवाडा आहे. पलीकडे जव्हार-मोखाड्यात त्यालाच बोहाडा म्हणतात. संबळाच्या तालावर रात्रभर मुखवट्यांची सोंगं नाचतात, गणपतीपासून रावणापर्यंत. अख्खा गाव जागा असतो, लहान पोरं मांडीवर झोपतात नि संबळ वाढला की उठतात. तालीम, वेशभूषा, संगीत, प्रेक्षक, सगळं आहे. पण शाळेच्या हिशेबात ही ‘आदिवासी संस्कृती’, म्हणजे पाहुणे आले की तारप्यासोबत दाखवायची वस्तू. तिला कोणी नाटक म्हणत नाही. भवाड्याची एक बाजू मला खटकते, तीही सांगते. सोंगं परंपरेनं पुरुषच घेतात, मुलींनी बघायचं. शाळेच्या ओट्यावर मात्र रावण मुलगी होऊ शकते. शाळेनं भवाड्याकडून शिकावं, आणि भवाड्यानंही शाळेकडून थोडं.

मराठीत बालनाट्याची परंपरा मोठी आहे. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत ‘लिटल थिएटर’ सुरू केलं, तेव्हापासून राक्षस, चेटकिणी, जादू यांनी पिढ्या रमवल्या. पण आमच्या कामाचं उदाहरण मला ठाण्यातलं वाटतं. रत्नाकर मतकरींनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ‘वंचितांचा रंगमंच’ ही कल्पना मांडली आणि वस्तीतली मुलं स्वतःच्या जगण्यावरच्या नाटिका स्वतः उभ्या करू लागली. ‘निम्मा शिम्मा राक्षस’ लिहिणारा माणूस शेवटी म्हणाला की आता गोष्ट तुम्ही सांगा. मतकरी २०२० मध्ये गेले. पण ती रीत उचलायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता आमच्याकडची गोष्ट कुठली, असं कोणी विचारेल. २ ऑगस्ट घ्या. दर वर्षी मुक्तिदिनाला झेंडा, भाषण, वेफर्स. आणि खरी गोष्ट? २२ जुलै १९५४ ला दादरा सुटलं, २ ऑगस्टला सिल्वासा. सुधीर फडके स्वतः त्या लढ्यात उतरले होते. शस्त्रांना पैसे हवे होते म्हणून लता मंगेशकर पुण्यात गायल्या होत्या. पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो माणसं घेऊन खानवेलकडे हटला आणि ११ ऑगस्टला शरण आला. मग सात वर्षं हा प्रदेश धड पोर्तुगालचा नाही, धड भारताचा नाही, आपला कारभार आपण बघत राहिला. १९६१ मध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही करायला बदलानी नावाचे अधिकारी एका दिवसाचे पंतप्रधान झाले! राज्यशास्त्राच्या वर्गात मी हे सांगितलं तेव्हा कोणाला खरं वाटेना.

पण या गोष्टीत बाहेरून आलेल्यांची नावं आहेत, इथल्यांची फार थोडी. त्या रात्री रांध्यात लोक काय करत होते? घाबरले होते की खूश होते, की भाताच्या लावणीत कोणाला काही कळलंच नाही? १९५४ मध्ये दहा वर्षांचं असलेलं पोर आज ऐंशीच्या पुढे आहे. मुलांनी आपापल्या घरातल्या, पाड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारावं, जे मिळेल त्याचे प्रवेश करावेत, आणि म्हातारी जशी बोलली तशीच स्टेजवर बोलावी. ‘ण’ न सुधारता.

हे मराठी शाळेतच व्हावं असंही नाही. घटनेचं कलम ३५० क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगतं, त्यासाठी अर्ज-निवेदनं चालूच ठेवायची. पण आईबाप मुलं इंग्रजी माध्यमात घालतायत, हे आपल्या निवेदनांनी थांबलेलं नाही. नाटकाला माध्यम लागत नाही. गुजराती शाळेतली, इंग्रजी शाळेतली वारली मुलगी संध्याकाळी पाड्यावरच्या नाटकात येऊ शकते. ‘एनसीईआरटी’च्या सहावीच्या ‘कृति’ या पुस्तकात चित्र, संगीत, नृत्याबरोबर नाट्यही आहे, त्यामुळे ‘अभ्यास बुडतो’ हे उत्तरही आता चालणार नाही.

शिक्षकांवर सगळं टाकू नका, त्यांच्यामागे आधीच शंभर कामं आहेत. हे काम आपल्यासारख्या कॉलेजच्या पोरांचं आहे. पहिलं नाटक ऑगस्टमध्ये, दुसरं कापणी झाल्यावर, तिसरं भवाड्याच्या दिवसांत. वीस मिनिटं पुरे, पडदा नको, ओटा चालेल. एक प्रयोग इथे, एक पलीकडे तलासरीच्या एखाद्या पाड्यात, नि त्यांचा एक इकडे. जून उजाडला की शेतीची धांदल सुरू होते, मग म्हाताऱ्यांना बोलायला सवड नसते. म्हणून त्यांच्याकडे बसायचं ते मे महिन्यातच, दुपारी, फोनचं रेकॉर्डिंग चालू करून.