मीटर बंद, गाडी चालू

गेल्या शनिवारी उरणला काकांकडे गेलो होतो. त्यांना त्यांची २००८ सालची छोटी गाडी विकायची आहे, आणि "तू कंप्युटरवाला, तूच टाक ते ॲपवर" या न्यायाने ते काम माझ्या गळ्यात पडलं. (काकांच्या मते प्रिंटरपासून गीझरपर्यंत सगळं माझ्याच खात्यात येतं.) फॉर्म भरता भरता 'किलोमीटर' हा रकाना आला आणि आम्ही अडलो. मीटर ६१,२४० वर उभं आहे. २०१६ च्या गणपतीपासून.

गिअरबॉक्सवरचा स्पीड सेन्सर गेला, त्याच्याबरोबर काटाही झोपला आणि आकडाही. काकांनी तो बदलला नाही. चूकच ती. "पोर्टच्या रस्त्यावर ट्रेलरच्या मागे गाडी वीसच्या वर जाते कुठे? काटा बघून करू काय?" हे त्यावरचं त्यांचं उत्तर.

संध्याकाळी जुन्या गाड्यांचा एक एजंट आला. बॉनेट उघडलं, दारं आपटून पाहिली आणि म्हणाला, "मीटर बंद आहे म्हणून सांगता कशाला? नवा सेन्सर टाका, एकसष्टवरून पुढे चालू होईल. आपण कुठे मागे फिरवलंय?"

काका म्हणाले, "आणि मधली नऊ वर्षं गाडी मी डोक्यावरून वाहिली का?"

खरं सांगितलं तर चाळीस हजार. सेन्सर टाकून गप्प बसलं तर पासष्ट. खरं बोलायची किंमत, रोख पंचवीस हजार.

एजंटवर मी फारसा चिडलो नाही. तो बाजारात उभा आहे आणि बाजार म्हणजे आपण. ॲप उघडल्यावर पहिलं काय करतो आपण? 'पन्नास हजाराच्या आत' हे फिल्टर लावतो. गाडी खाऱ्या हवेत गंजली का, दहा वर्षं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडली का, यासाठी फिल्टर नाही. त्या एका आकड्यासाठी आहे. मग बाजार आपल्याला तो आकडा पुरवतो. हवा तसा.

आता जरा विचार करा. एक काउंटर आहे. त्याची एकच प्रत, आणि ती अशा माणसाच्या ताब्यात की आकडा कमी दिसला तर त्याचाच फायदा. ऑफिसात असं डिझाइन कुणी रिव्ह्यूला पाठवलं तर आपण त्याला हसू. गाडी घेताना मात्र त्याच आकड्यावर लाखाचा चेक फाडतो!

"स्कॅनर लावला की ईसीयूमधून खरं बाहेर येतं," असं एक मित्र म्हणाला. अरे बाबा, सेन्सरच मेलाय. ईसीयूला तरी कोण सांगणार चाकं किती फिरली ते? "मग सर्व्हिस रेकॉर्ड बघायचं." वॉरंटी संपल्यावर कितीजण कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जातात? काकांचा मेकॅनिक नाक्यावरचा, त्याचं रेकॉर्ड त्याच्या डोक्यात.

आमचं नशीब म्हणजे काकांची पेट्रोलची वही. तारीख, लिटर, रुपये. २०१६ च्या गणपतीपासूनच्या सगळ्या लिटरची मी बेरीज केली: २,७४०. रविवारी पंपावर टाकी फुल केली, फोनचं जीपीएस लावून पनवेल-पेण असं २१२ किलोमीटर हिंडलो आणि त्याच पंपावर परत फुल केली. १४.३ लिटर बसलं. म्हणजे ॲव्हरेज पंधराच्या जरा खाली. आधीच्या वर्षांत थोडं बरं असेल, ट्रॅफिकमध्ये थोडं वाईट, म्हणून चौदा ते सोळा धरलं. ३८ ते ४४ हजार किलोमीटर झाले. ते ६१,२४० मध्ये मिळवले की गाडी पोचते ९९ हजार सहाशे ते एक लाख पाच हजारांत.

पडताळाही घेतला. काका २०१९ मध्ये रिटायर होईपर्यंत रोज जाऊन-येऊन २२ किलोमीटर पोर्टला जात. त्या तीन वर्षांचेच अठरा हजाराच्या आसपास होतात. उरलेल्यात पनवेलचे डॉक्टर, लग्नकार्यं, अलिबाग. बसतंय गणित. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तेही एकसष्ट हजारांची साक्ष देत नाही.

पण असली वही कितीजणांकडे असते? २०२३ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा काकांनी हरित कर भरून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली. आरसीवर चासी नंबर, इंजिन नंबर, अगदी रंगसुद्धा. किलोमीटर नाही. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०, त्यातही तो रकाना नाही. विम्याची आयडीव्ही ठरते गाडीच्या वयावर.

बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना कार-पास द्यावा लागतो, त्यात तारीखवार किलोमीटर असतात. ब्रिटनमध्ये एमओटी चाचणीच्या वेळी रीडिंग नोंदलं जातं आणि नंबर टाकून कुणालाही ऑनलाइन बघता येतं. अमेरिकेत १९७२ पासून कायदा आहे आणि मीटरचा भरवसा नसेल तर 'खरं रीडिंग हे नाही' असं विकणाऱ्याने लिहून द्यायचं असतं. म्हणजे काकांसारख्या माणसाला खरं बोलायला तिथे निदान एक चौकट तरी आहे.

आपल्याकडे पीयूसीच्या वेळी नंबरप्लेटचा फोटो काढतातच ना? मग डॅशबोर्डचाही एक काढा. डेटाबेसमध्ये एक कॉलम वाढवायचाय, अटल सेतू नाही बांधायचा. दहा वर्षांत दहा-पंधरा नोंदी होतील. मीटर मागे फिरलं तर दिसेल, आणि बंद पडलं तर तेही दिसेल.

असो. काकांनी नवा सेन्सर टाकला आहे आणि मीटर ६१,२४० वरून पुढे निघालंय. मी ॲपवर एक लाख दोन हजार लिहिलं आणि खाली हिशोब दिला. अजून एकही फोन आलेला नाही. कुणाला हवी असेल तर सांगा. वहीसकट मिळेल.