कचऱ्यातला नफा आणि वेचणाऱ्यांचा हक्क

दरवर्षी कार्तिक महिन्याच्या शेवटच्या सोमवारी बंगळूरच्या बसवनगुडी भागात, मोठ्या नंदीच्या देवळापाशी, भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. कन्नडमध्ये तिला 'कडलेकाई परिषे' म्हणतात. आसपासच्या जिल्ह्यांतील शेतकरी शेंगांच्या राशी घालून बसतात, लाखो माणसे येऊन जातात आणि जत्रा उठली की मागे टरफले, कागद, बाटल्या व प्लास्टिकच्या पिशव्यांचा खच उरतो. तो झाडून काढणाऱ्या पौरकार्मिकांची निदान हजेरी तरी लागते. त्या ढिगातून विकाऊ माल वेचून नेणाऱ्या बायामाणसांचे नाव मात्र कोणत्याही हजेरीपटावर नसते. जत्रेत वर्षातून एकदा दिसणारे हे दृश्य बंगळूरच्या गल्लोगल्ली रोजचेच आहे. कचऱ्यावर चालणारा धंदा आता लहान राहिलेला नाही. त्याचा नफा कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न म्हणूनच कामगार चळवळीने ऐरणीवर आणला पाहिजे.

बसवनगुडीचा विस्तारच मुळी सफाईच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. १८९६ मध्ये मुंबईत आणि १८९७ मध्ये पुण्यात थैमान घालणारा प्लेग १८९८ मध्ये बंगळूरला पोचला. जुन्या पेठेतील दाटीवाटीतून माणसे बाहेर काढण्यासाठी म्हैसूर संस्थानने बसवनगुडी व मल्लेश्वरम या मोकळ्या वसाहती वाढवल्या. रुंद रस्ते आखले आणि घरांच्या पाठीमागे अरुंद गल्ल्या ठेवल्या. मुंबईच्या चाळीतील माणूस अशा जागेला घरगल्ली म्हणतो. सफाई करणाऱ्याने मागच्या बाजूने यावे, घाण उचलावी आणि समोरच्या रस्त्यावरील प्रतिष्ठितांच्या नजरेस पडू नये, असा त्या आखणीचा अर्थ होता. मैल्याच्या पाट्या गेल्या, पण जातिव्यवस्थेने घालून दिलेली ती नजर गेली नाही. कचरा वेचणाऱ्यांत आजही दलित, भटके-विमुक्त व भूमिहीन कुटुंबांतील माणसेच, त्यातही स्त्रिया, मोठ्या संख्येने आहेत.

बंगळूरचा दैनंदिन कचरा आज पाच हजार टनांच्या घरात आहे. तो वर्षानुवर्षे शहराबाहेरच्या खेड्यांच्या माथी मारण्यात आला. मावळ्ळीपुराच्या ग्रामस्थांनी लढा दिला आणि २०१२ मध्ये तेथील कचराभूमी बंद झाली. मंडूरच्या ग्रामस्थांनी रस्ता अडवला आणि २०१४ अखेर तेथेही गाड्या थांबल्या. शहराला आपल्या कचऱ्याचा विचार करायला भाग पाडले ते या खेडुतांनी. पुढे २०१५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने घरच्या घरी कचरा वेगळा करणे सक्तीचे केले. 'दोन डबे, एक पिशवी' ही पद्धत त्यातूनच रूढ झाली. प्रभागवार कोरडा कचरा संकलन केंद्रे उभी राहिली व त्यांपैकी अनेक वेचक कामगारांच्याच हाती देण्यात आली. लोकअदालतीच्या आदेशानंतर महापालिकेने हजारो वेचकांना ओळखपत्रेही दिली. 'हसिरू दळ' या संघटनेने त्यासाठी केलेल्या कामाची नोंद घेतली पाहिजे. ज्याला पोलीस चोर म्हणून हटकत होता, त्याच्या गळ्यात पालिकेचे ओळखपत्र आले, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु ओळखपत्राने पोट भरत नाही. मालाच्या प्रवासाकडे पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. मराठीत आपण ज्याला भंगार म्हणतो, त्याला बंगळूरात गुजरी म्हणतात. वेचक बाई गोणी घेऊन गल्लीतल्या गुजरी दुकानात जाते. तेथून माल जॉली मोहल्ल्याच्या घाऊक बाजारात किंवा म्हैसूर रस्त्यावरील नायंडहळ्ळीच्या प्लास्टिक गोदामांत जातो. तेथे बाटलीचे झाकण, वेष्टन, रंग आणि जात पाहून पुन्हा निवड होते. मग भट्टीवर दाणे पाडले जातात आणि ते कारखान्यात जातात. दर टप्प्याला किंमत चढते. जी निवड मालाला किंमत आणते ती सर्वस्वी हाताने होते, आणि त्या हातांनाच सर्वांत कमी मिळते. खनिज तेल स्वस्त झाले की नवे प्लास्टिक स्वस्त होते आणि भंगाराचा भाव कोसळतो. त्या पडझडीचा शेवटचा धक्का गोणीवाल्या बाईला बसतो. खाद्यपदार्थांच्या बहुपदरी चकचकीत पुड्यांना तर बाजारात भावच नाही. कंपनी ती पुडी विकून नफा घेते, आणि ती उचलून सिमेंटच्या भट्टीपर्यंत पोचवण्याचे श्रम फुकटात जमा धरले जातात.

टाकाऊतून नफा काढण्याची ही रीत नवी नाही. एंगल्सने १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'भांडवल'च्या तिसऱ्या खंडात मार्क्सने या विषयाला स्वतंत्र विभाग दिला आहे. लोकरीच्या चिंध्या पिंजून पुन्हा कापड विणणाऱ्या यॉर्कशायरच्या धंद्याचे उदाहरण तेथे येते. कच्चा माल महागला की टाकाऊचा वापर वाढतो आणि त्यातून भांडवलदाराच्या नफ्याचा दर सुधारतो, हे त्याने दाखवून दिले. त्या काळापेक्षा आज एक गोष्ट वेगळी आहे. आज केवळ कचऱ्याचाच नव्हे, तर 'कचरा उचलला' या दाखल्याचाही बाजार भरतो.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्लास्टिक वेष्टनासंबंधी उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीचे नियम लागू केले. बाजारात जितके प्लास्टिक सोडले त्या प्रमाणात ते परत प्रक्रियेत गेले, हे कंपनीने सिद्ध करायचे. स्वतः न केल्यास नोंदणीकृत प्रक्रियादाराकडून प्रमाणपत्रे विकत घ्यायची. तत्त्व योग्य आहे. घाण करणाऱ्याने खर्च सोसलाच पाहिजे. पण प्रमाणपत्र साखळीच्या शेवटच्या टोकाला, नोंदणीकृत कारखान्यात जन्माला येते. तो माल रस्त्यावरून, गटारातून, उकिरड्यातून ज्यांनी वेचून आणला त्यांना त्या किमतीत कायद्याने वाटा नाही. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत गुजरात, महाराष्ट्र व कर्नाटकातील मोजक्या प्रक्रियादारांनी सहा लाखांच्या आसपास बनावट प्रमाणपत्रे काढल्याचे उघडकीस आले. म्हणजे प्लास्टिक जागेवरच राहिले आणि त्याच्या विल्हेवाटीचे कागद विकले गेले. ज्या व्यवस्थेत वेचणाऱ्याची नोंदच नसते, तेथे खोट्या कागदाला साक्षीदारही उरत नाही.

यावर भल्या हेतूच्या व्यापाराचा उपाय सुचवला जातो. २०१९ मध्ये ब्रिटनच्या 'द बॉडी शॉप' या प्रसाधन कंपनीने बंगळूरच्या वेचकांनी गोळा केलेले प्लास्टिक आपल्या बाटल्यांसाठी रास्त भावाने घेण्याचा उपक्रम सुरू केला; पहिल्या वर्षाचे उद्दिष्ट २५० टनांचे होते. निश्चित भाव, बरी जागा, नियमित खरेदी, हे सारे स्वागतार्हच होते. पण त्याच कंपनीची ब्रिटनमधील शाखा फेब्रुवारी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तोवर तिची मालकी अनेकदा हात बदलून गेली होती. चिकपेठेपलीकडचे जग न पाहिलेल्या बाईचा रास्त भाव लंडनच्या हिशेबवहीवर टांगता ठेवणे ही तिची सुरक्षितता नव्हे. ग्राहकाच्या सद्भावनेवर मिळालेला भाव ग्राहकाबरोबरच जातो. कायद्याने व संघटनेने मिळवलेला भाव टिकवण्यासाठी निदान लढता तरी येते.

असा लढा कसा उभा राहतो हे महाराष्ट्राने पाहिले आहे. पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. वेचक हा भिकारी नसून कामगार आहे, ही तिची पहिली मागणी. पालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे तिने मिळवली आणि २००८ मध्ये वेचकांच्या मालकीच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार केला. दारोदार कचरा गोळा करण्याचे शुल्क नागरिक देतात आणि विकाऊ मालावर हक्क वेचकाचा राहतो. सेवेचा मोबदला वेगळा आणि मालाचा भाव वेगळा, हे सूत्र तेथे प्रत्यक्षात आले. करार संपत आला की ठेकेदार टपून बसतात आणि वेचकांना पुन्हा मोर्चा काढावा लागतो, हेही तितकेच खरे. बंगळूरात पौरकार्मिकांनी २०२२ मध्ये संप केला आणि १ मे २०२५ रोजी १२,६९२ जणांना कायम नियुक्तीची पत्रे मिळाली. ते यश संघटित झालेल्या सफाई कामगारांचे आहे. कोरडा कचरा वेचणारे मात्र या यादीत बसत नाहीत.

यंत्राला किंवा पुनर्वापराच्या उद्योगाला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. लहान मुलांच्या हातातली गोणी सुटावी, उघड्या हाताने काच निवडावी लागू नये, नायंडहळ्ळीच्या धुरात कोणाची फुप्फुसे जळू नयेत, यासाठी यंत्रे व बरी गोदामे हवीतच. प्रश्न त्यांच्या मालकीचा आणि त्यातून येणाऱ्या उत्पन्नाच्या वाटणीचा आहे. मोठ्या निविदा काढून सगळा कचरा एका ठेकेदाराच्या स्वाधीन केला की कालपर्यंत स्वतःच्या हिमतीवर जगणारा वेचक एक तर मजूर होतो किंवा चोर ठरतो.

म्हणून काही मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. शहरांच्या कचरा करारांत वेचकांच्या सहकारी संस्थांना अग्रहक्क असावा. गोळा करणे व निवडणे या सेवेचे वेतन पालिकेने द्यावे आणि मालाची विक्री त्याच्या वर जोडावी. उत्पादकांच्या प्रमाणपत्राच्या किमतीतील ठरावीक हिस्सा वेचकांच्या कल्याण निधीत कायद्याने जमा व्हावा. कोसळत्या बाजारात प्लास्टिक व कागदाला किमान आधारभाव मिळावा. राज्य विमा व भविष्यनिर्वाह निधीचे संरक्षण त्यांना मिळावे. प्लास्टिक भंगारावरील वस्तू व सेवा कर २०२१ मध्ये ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर नेण्यात आला. हा बोजा शेवटी वेचकाच्या भावातूनच कापला जातो, हे संसदेत व विधानसभांत सांगितले गेले पाहिजे.

हे काम केवळ निवेदनांनी होणार नाही. बंगळूर, मुंबई, पुणे, सोलापूर, बेळगाव येथील सभासदांनी आपापल्या प्रभागातील संकलन केंद्रावर जावे, तेथे कोण राबते व त्यांना काय मिळते हे विचारावे आणि कामगार संघटनांची दारे त्यांच्यासाठी उघडावीत. स्वतःच्या घरचा कचरा वेगळा करून देणे, ही तर त्याच्याही आधीची गोष्ट आहे. प्लेगच्या वेळी बसवनगुडीने सफाई करणाऱ्याला घरामागच्या गल्लीतून ये-जा करायला लावले. आज त्याला पुढच्या दाराने, कामगार म्हणून आणि हक्काचे वेतन मागत येता आले पाहिजे.