‘जर’च्या पोटांतील ‘जर’

संगणकास करावयाच्या कामाच्या ज्या आज्ञा आपण क्रमानें लिहून देतों, त्यांस आज्ञावली म्हणतात. पुष्कळ मुलांच्या आज्ञावलींत एका ‘जर’च्या पोटांत दुसरा, व दुसऱ्याच्या पोटांत तिसरा ‘जर’ आढळतो. रचना जितकी गुंतागुंतीची, तितकी विद्वत्ता अधिक, अशी त्यांची समजूत दिसते. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे.

असले दोष दाखविणाऱ्या साधनांस लिंटर म्हणतात. कापडास चिकटलेल्या सुताच्या कसपटांस इंग्रजींत ‘लिंट’ म्हणतात, त्यावरून हें नांव पडलें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत स्टीफन जॉन्सन यांनीं ‘सी’ भाषेसाठीं ‘लिंट’ नांवाचें साधन रचिलें. त्याचें वर्णन १९७८ सालीं प्रसिद्ध झालें. आजच्या ‘रफ’ या पायथन भाषेच्या व ‘क्लिपी’ या रस्ट भाषेच्या लिंटरांत एक नियम आहे: बाहेरील ‘जर’च्या पोटांत केवळ एक ‘जर’ असेल व दुसरें कांहींही नसेल, तर दोन्ही अटी ‘आणि’नें जोडून एकच ‘जर’ करावा.

ग्रंथालयाचें उदाहरण घेऊं. “जर विद्यार्थ्याजवळ कार्ड असेल, तर पुढें पाहा, जर मागील पुस्तक परत आलें असेल, तर नवें द्या.” याऐवजीं “कार्ड असेल आणि मागील पुस्तक परत आलें असेल, तर नवें द्या,” असें म्हटल्यानें अर्थ तोच राहतो आणि वाचणाऱ्याचे श्रम वांचतात. नियम योग्यच आहे.

परंतु आतां बाहेरील अटीस एक पुरवणी जोडा: “कार्ड नसेल, तर कार्यालयांत पाठवा.” येथें कोणी घाईनें दोन्ही अटी एकत्र केल्या व पुरवणी तशीच खालीं ठेविली, तर ज्याजवळ कार्ड आहे पण ज्याचें पुस्तक परत आलेलें नाहीं, असा मुलगाही विनाकारण कार्यालयांत जाईल! म्हणूनच अशा पुरवणीच्या ठिकाणीं लिंटर ही सूचना करीत नाहीं. नियमाचें केवळ बाह्य रूप पाठ करणारा विद्यार्थी मात्र येथें हमखास फसतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. पायथन भाषेंत ‘आणि’च्या डावीकडील अट खोटी ठरली, तर उजवीकडील अट पाहिलीच जात नाहीं. कार्ड आहे कीं नाहीं हें आधीं व कार्डावरील नोंद नंतर, हा क्रम म्हणूनच राखला पाहिजे. तो उलटा केला, तर नसलेल्या कार्डावरील नोंद शोधतां शोधतां काम मध्येंच बंद पडेल.

कांहीं साधनें ही दुरुस्ती स्वतःच करून देतात. एक कळ दाबली कीं आज्ञावली नीटनेटकी होते, व मुलगा पुढें जातो. आमचा आक्षेप येथेंच आहे. साधन वापरूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. उलट तें प्रत्येक शाळेंत असावें. पण साधनास आज्ञावलीची घडण दिसते, लिहिणाराचा हेतु दिसत नाहीं. ‘कार्ड नसल्यास काय करावें?’ हा प्रश्न लिहिणारा विसरला असेल, तर साधन त्यास त्याची आठवण देणार नाहीं. तें त्याची विसरलेली गोष्ट अधिक सुबक करून देईल, इतकेंच.

यास्तव शिक्षकांनीं गुण द्यावयाचे ते केवळ सुबकपणास न देतां, दोन्ही रचनांचा अर्थ एकच कां, हें मुलास मराठींत सांगतां येतें कीं नाहीं, यावर द्यावे. पालकांसही आमची विनंति आहे कीं, संगणक येत नसला तरी त्यांनीं पाल्यास एकदां विचारावें, “बाळ, ही अट खरी नसेल तर काय होईल?” ज्यास याचें उत्तर देतां येईल, त्यानें दोन ‘जर’ खुशाल एक करावे. ज्यास देतां येणार नाहीं, त्यानें तीं कळ दाबण्यापूर्वीं आपली आज्ञावली पुनः एकदां वाचावी.