कार्डावरची हत्यारांची पिशवी

आईच्या वाढदिवसाचे कार्ड मुले हां हां म्हणता करतात. फुले काढली, टिकल्या चिकटवल्या की झाले! बाबांच्या कार्डाशी मात्र गाडी अडते. दुकानात जावे तर पुरुषांच्या कार्डांवर मोटार, टाय नाहीतर मावळता सूर्य. घरातले बाबा तर सुतार, फिटर किंवा वायरमन असतात. नाहीतर कचेरीत नोकरी करून रविवारी नळाचा वायसर बदलणारे. त्यांना शोभेल असे कार्ड त्यांच्या हत्यारांच्या पेटीतच सापडते.

खंडेनवमीला हत्यारे पुसून मांडतात, त्यांना हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहतात. दक्षिणेत तीच आयुधपूजा. बंगालमध्ये सप्टेंबरात विश्वकर्मापूजा. हत्याराचा मान असा दरवर्षी होतो. ते चालवणाऱ्या हाताचा मान करायला वाढदिवसासारखा दिवस नाही.

साहित्य : ए-४ आकाराचा (२१० × २९७ मि.मी.) जाड ड्रॉइंग पेपर, आणखी थोडे कार्डशीट, खाकी कागद, चॉकलेटचा चंदेरी कागद, पेन्सिल, पट्टी, कात्री, डिंक, सुईदोरा आणि शर्टाचे एक लहान बटण.

कृती : आधी पेटी नीट पाहावी. धारेची हत्यारे मोठ्यांनी काढून द्यावीत आणि सगळी पुन्हा जागच्या जागी ठेवावीत; कामाच्या माणसाला हललेले हत्यार लगेच कळते. पुस्तकातले चित्र उतरवू नये. पुस्तकातली हातोडी कुणाचीही असते. बाबांच्या हातोडीचा दांडा घामाने काळवंडलेला असेल, पक्कडीच्या मुठीवर काळी टेप गुंडाळलेली असेल. त्याच खुणा कार्डावर याव्यात. लहान पाना कार्डशीटवर ठेवून कडेने पेन्सिल फिरवावी आणि त्यावरचा १०-११ असा आकडाही लिहावा. तो आकडा म्हणजे त्या पान्यात बसणाऱ्या नटांची मिलिमीटरमधली रुंदी. हातोडी, करवत आणि पक्कड पाहून निम्म्या आकारात काढाव्यात.

पात्यांवर चंदेरी कागद चिकटवून चमच्याच्या पाठीने घासावा, सुरकुत्या जातात. दांड्यांना कोऱ्या चहाचा हात द्यावा. वाळल्यावर जुन्या लाकडाचा रंग येतो. कानसीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली की तिचे दाते कागदावर उमटतात. तो कागद कापला की कानस तयार. पक्कडीचे दोन सारखे भाग कापावेत, एक उलटा करून दुसऱ्यावर फुलीसारखा ठेवावा आणि मधोमध बटण टाकावे. पक्कड उघडते, मिटते.

ड्रॉइंग पेपर मधोमध दुमडून कार्ड करावे. दुमडण्याआधी घडीच्या रेघेवर पट्टी धरून संपलेल्या रिफिलीने दाब द्यावा, म्हणजे जाड कागद तडकत नाही. दर्शनी बाजूला खाकी कागदाची पिशवी तीन बाजूंनी चिकटवावी, तोंड उघडे ठेवावे. डिंक पातळच लावावा आणि कार्ड रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवावे, नाहीतर ते वाकते. मग पिशवीत हत्यारे खोचावीत.

‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ हे शब्द आत एकदाच लिहावेत. खरा मजकूर हत्यारांच्या पाठीवर. प्रत्येकावर बाबांनी केलेले एक काम : पान्यावर ‘परीक्षेच्या दिवशी सायकलची चेन बसवून दिलीत’, हातोडीवर ‘आजीच्या खाटेचा पाय ठोकून दिलात’. यादी करताना मुले अडली तर आजीला विचारावे. दाराची कुरकुर थांबली की घर ती विसरते. ती कुणी थांबवली हेही विसरते.

शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात प्लंबर किंवा गवंडी लिहायला लाजून ‘खाजगी नोकरी’ लिहिणारी मुले असतात. वडिलांना ते कळते. ते बोलत नाहीत, इतकेच. अशा घरात ज्या हातांनी तो रकाना भरला त्याच हातांनी पान्याचा आकडा बिनचूक लिहिला, तर वडिलांना वेगळे काही सांगावे लागत नाही.

काही घरांत पेटी आईची असते. शिवणयंत्राचा पेचकस, कातर, तेलाची कुपी, मापाची टेप यांचेही कार्ड असेच होते.

पिशवी गच्च भरू नये. एका हत्याराची जागा मोकळी ठेवावी. वर्षभरात घरात आणखी काहीतरी मोडेल आणि कुणीतरी ते दुरुस्त करील. पुढच्या वाढदिवसाला त्याची भर घालता येईल.